मानलेली उत्तर

मी जॅकेट बनवते असं सांगितलं की दिल्लीतला माणूस आधी विचारतो, “लेदर का?” त्याचा काही दोष नाही. नोएडात कपडे एक्सपोर्ट करणाऱ्या कारखान्यांना तोटा नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले, तिथल्या आमच्या जुन्या शेजारणीने तर एकदा फोनच केला होता, “बेटा, एक्सपोर्ट सरप्लस में दो पीस निकलें तो रख देना. लार्ज साइज.” मी तिला नीट समजावलं, की आंटी, माझ्या जॅकेटला चार पाय असतात, ते वीस मजली बिल्डिंगएवढं उंच असतं आणि समुद्रात उभं राहतं. ती सगळं ऐकून म्हणाली, “फिर मीडियम दे देना.”

नागपूरच्या मावशीला मी ‘प्लॅटफॉर्म’ म्हणून पाहिलं. तिने विचारलं, “कुठल्या स्टेशनचा गं?” तेव्हापासून मी नातेवाइकांना ‘इंजिनिअर आहे’ एवढंच सांगते.

खरी गोष्ट अशी. समुद्राच्या तळाखाली तेल किंवा गॅस सापडला की तो वर काढायला पाण्यात एक पक्की जागा लागते. त्या जागेचे पाय म्हणजे जॅकेट, जाड लोखंडी नळ्या एकमेकींना जोडून केलेला चार पायांचा सांगाडा. किनाऱ्यावरच्या यार्डात तो आडवा पाडून बांधतात, बार्ज नावाच्या सपाट, प्रचंड तराफ्यावर चढवून समुद्रात नेतात, क्रेनने उभा करून तळावर टेकवतात आणि पायांच्या आतून लांबलचक खांब ठोकून पक्का करतात. मग त्याच्या डोक्यावर डेक बसतो. या सगळ्याची ड्रॉइंग मी आणि माझ्यासारखे साठेक जण नोएडातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर बसून करतो. खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो, पुलाखाली छोले-कुलच्याची गाडी. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त हनिमूनला गोव्यात पाहिलाय, तोही गुडघाभर.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा मूळचे नागपूरचे. नकाशे करणाऱ्या एका सरकारी खात्यात नोकरी, म्हणून सगळी हयात दिल्लीत गेली. रिटायर होऊन नागपूरला परत गेले, पण आई गेल्यावर मी त्यांना नोएडाला घेऊन आले. येताना त्यांनी दोन ट्रंका, बुद्धवंदनेचं पुस्तक आणि पितळी होकायंत्र आणलं. होकायंत्र अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, जिथे इतरांचा मोबाइल असतो.

बाबा डावं-उजवं म्हणत नाहीत. जेवताना म्हणतात, “अगं, तुझ्या पश्चिमेची चटणी सरकव जरा.” सोफ्यावर कोणी पाहुणा बसला की, “थोडं दक्षिणेला सरका, तिथे स्प्रिंग आहे.” पाहुणा बिचारा आधी पंख्याकडे बघतो, मग माझ्याकडे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं बोलतात. शाळेत मैत्रिणीला “तुझ्या पूर्वेला पेन्सिल पडलीय” म्हणाले, तर तिने बाईंकडे माझी तक्रार केली.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे पेन्सिल. नकाशात कुठे शंका आली की समासात बारीक अक्षरात टीप लिहायची आणि खाली तारीख घालायची, ही त्यांच्या खात्यातली शिस्त. ती घरातही आली. आमच्या पाहुण्यांच्या लग्नपत्रिकांवर, औषधांच्या खोक्यांवर, वर्तमानपत्रातल्या हवामानावर, सगळीकडे ‘तपासावे’ आणि तारीख. माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकात गणिताच्या मार्कांपुढे ‘तपासावे’ लिहिलेलं होतं. मार्क चांगले होते, म्हणून शंका आली होती त्यांना.

हा फ्लॅट घेतानाची गंमत सांगते. ब्रोकर दार उघडता उघडता म्हणाला, “नॉर्थ-ईस्ट फेसिंग है अंकल जी, प्योर वास्तु.” आमच्या घरात वास्तुशास्त्राला कधीच थारा नव्हता. दार कुठल्याही दिशेला असतं तरी बाबांना फरक पडणार नव्हता. पण दिशा चुकीची सांगितलेली त्यांना खपत नाही. खिशातून होकायंत्र निघालं. नोएडाचे रस्ते मुळातच तिरके आखलेले, त्यामुळे इथल्या कुठल्याच दाराचं तोंड धड एका दिशेला नसतं. बाबा म्हणाले, “ये तो पूरब से भी ज़रा दक्षिण को है, बेटा.” ब्रोकर जराही गडबडला नाही. “अंकल जी, बिल्डर के हिसाब से नॉर्थ-ईस्ट है.”

बाबांना ते इतकं आवडलं की ते आठवडाभर हसत होते. बिल्डरची उत्तर वेगळी असते, हे त्यांना सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

तेव्हा मी त्यांना सांगितलं की आमच्या धंद्यातही तसंच असतं. समुद्रात जॅकेट उभं करताना ते बरोबर उत्तर-दक्षिण उभं करत नाहीत. लाटा, वारा, पाइपलाइन कुठून येते ते बघून थोडं फिरवून उभं करतात. मग ड्रॉइंग काढणाऱ्याला सगळ्याच रेघा तिरक्या काढाव्या लागतील. म्हणून आम्ही सरळ जॅकेटच्या एका बाजूलाच उत्तर म्हणून टाकतो. तिला म्हणतात प्लॅटफॉर्म नॉर्थ. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन बाण असतात, एक खऱ्या उत्तरेचा आणि एक ह्या उत्तरेचा.

“म्हणजे मानलेली उत्तर,” बाबा म्हणाले. “मानलेला भाऊ असतो तशी.”

“अगदी.”

“ठीक आहे. पण मानलेल्या भावाचाही पत्ता खरा लागतो हं.”

मी मान हलवली आणि लॅपटॉप उघडला. माझा स्वभाव असाच आहे. बाबांचा काटेकोरपणा मला मिळाला, सबुरी मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली. ऑफिसात माझ्याबद्दल एक वाक्य प्रसिद्ध आहे, “मैडम से ग्यारह बजे के बाद मिलना.” घरी अकराच्या आधीच गाठ पडते, त्यामुळे बाबांच्या वाट्याला जास्त येतं. कॅबमध्ये बसलं की ते पुढे वाकून ड्रायव्हरला सांगायला लागतात, “आगे से उत्तर को मुड़ना,” आणि मी मागून म्हणते, “बाबा, मॅप आहे ना.” दिवसातून दोनदा तरी म्हणते. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांसाठी नकाशे केले, त्याला आता रस्ता विचारणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

तर त्या वर्षी मला पहिल्यांदा लीड केलं. म्हणजे एका अख्ख्या जॅकेटची जबाबदारी माझी, ड्रॉइंगवर शेवटची सही माझी. प्लॅटफॉर्म छोटा होता, माणसं न राहणारा. तिथे फक्त विहिरींची तोंडं आणि काही व्हॉल्व्ह. जवळच्या मोठ्या प्लॅटफॉर्मवरून सकाळी बोटीने सात-आठ माणसं येणार, मीटर बघणार, दुरुस्ती करणार आणि संध्याकाळी परत जाणार.

ती माणसं बोटीतून जॅकेटवर कशी चढतात, हे मला एका जुन्या साइट-इंजिनिअरने कॉफी पिता पिता सांगितलं होतं. जॅकेटच्या एका बाजूला, पाण्याच्या पातळीला, नळ्यांची एक जाळी लावलेली असते. तिचं नाव बोट लँडिंग. वरून एक जाड, गाठी मारलेली दोरी लोंबत असते. बोट जवळ येते, लाटेबरोबर वर-खाली होते. माणूस दोरी धरतो, बोट वर आली की झोका घेतो आणि जाळीवर पाय टेकवतो. वेळ चुकली तर खाली पाणी, आणि पाण्यात हलणारी बोट. म्हणून लँडिंग नेहमी लाटांच्या उलट बाजूला लावायचं, म्हणजे लाट बोटीला जॅकेटवर आपटत नाही, लांब ढकलते. आपल्या पश्चिमेकडच्या समुद्रात लाटा मुख्यतः नैऋत्येकडून येतात. पाचवीच्या भूगोलातले नैऋत्य मोसमी वारे ते हेच. म्हणजे लँडिंग पाहिजे ईशान्येला.

मी ते ईशान्येलाच काढलं होतं. ड्रॉइंग यार्डाला गेलं, नळ्या कापल्या गेल्या, जॅकेट उभं, म्हणजे आडवं, राहू लागलं.

ऑफिसातले टाकाऊ प्रिंट मी कधीकधी घरी आणते. आणू नयेत, ठाऊक आहे. पण तो कागद जाड असतो आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालायला वर्तमानपत्रापेक्षा शंभरपट चांगला. त्या थंडीच्या सुरुवातीला चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये माझ्याच जॅकेटचा एक प्रिंट अंथरला, आणि विसरून गेले.

पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी घाईत होते. पार्किंगमध्ये कोणीतरी स्कूटर घासून माझ्या गाडीचा साइडचा आरसा तोडला होता आणि तो बदलायला करोल बागेत जायचं होतं. उशीर झाला की तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. बाबा टेबलाशी ब्रेड आणि जॅम घेऊन बसले होते. समोर कॅलेंडरचं जुनं पान उलटं ठेवलेलं, त्यावर पेन्सिलीने काहीतरी मांडलेलं.

“अगं, तुझ्याकडे पाच मिनिटं आहेत का?”

“दोन आहेत.”

“ते चमच्यांच्या ड्रॉवरमधलं ड्रॉइंग आहे ना तुझं, त्यातली उत्तर चुकलीय असं मला वाटतं.”

“बाबा, ती मानलेली उत्तर आहे. सांगितलं होतं ना तुम्हाला.”

“ते कळलं मला. पण कोपऱ्यात चारही पायांचे कोऑर्डिनेट्स दिलेत. समुद्रात कुठला पाय कुठे टेकणार ते. मी ते मांडून बघितले.”

“तुम्हाला नाही कळणार ते. ऑफशोअरचं वेगळं असतं.”

हे वाक्य मला आजही आवडत नाही. ते म्हणताना मी बुटाची लेस बांधत होते, त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

बाबांनी वाद घातला नाही. ब्रेडचा एक चौकोनी स्लाइस माझ्यासमोर ठेवला. “हा असा सरळ आहे, वरची कड उत्तर. आता ह्याला अर्धा काटकोन पश्चिमेकडे फिरव. कसा दिसतो?”

“शंकरपाळ्यासारखा.”

“परत सरळ कर. आता तेवढाच पूर्वेकडे फिरव.”

“शंकरपाळ्यासारखाच. बाबा, मला उशीर होतोय.”

“फरक दिसला?”

“नाही.”

“बिल्कुल नाही दिसत. चौकोनाचं तेच वाईट असतं.” मग त्यांनी चमच्याने एका कोपऱ्यावर, वरच्या डाव्या, जॅमचा ठिपका दिला आणि दोन्ही वेळा पुन्हा फिरवून दाखवलं. डावीकडे फिरवलं की ठिपका पश्चिमेला गेला. उजवीकडे फिरवलं की उत्तरेला. “तुझ्या आकड्यांप्रमाणे हा पाय पश्चिमेला आहे. तुझ्या चित्रात तो उत्तरेला आहे. चारही पाय एकेक घर सरकलेत. चौकोन तोच राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसेल.”

“क्लायंटचे आकडे चुकले असतील.”

“अच्छा. असेल,” बाबा म्हणाले आणि त्यांनी तो स्लाइस खाऊन टाकला.

मी करोल बागेपर्यंत स्वतःशी पुटपुटत गेले. ज्यांनी जन्मात प्लॅटफॉर्म पाहिला नाही ते मला शिकवणार. मीही पाहिला नव्हता, ही गोष्ट निराळी. दुकानदाराने दोन आरसे काउंटरवर ठेवले. दोन्ही काळे, दोन्ही सारखे. “लेफ्ट वाला टूटा या राइट वाला? देखने में एक जैसे हैं मैडम, पर बैठेगा एक ही.”

त्याने ते अगदी सहज विचारलं. मला उत्तर देता येईना, दोन्ही अर्थांनी. डावा तुटलाय की उजवा हे बघायला मी गाडीपर्यंत परत गेले. तिथे उभी राहिले तेव्हा मनात जॅमचा ठिपका होता.

सोमवारी सातव्या मजल्यावर सगळ्यांच्या आधी पोहोचले ती मात्र बाबांना खोटं ठरवायलाच. माझ्या स्वभावाला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता. क्लायंटची कागदपत्रं उघडली. पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, प्लॅटफॉर्म नॉर्थ खऱ्या उत्तरेपासून पंचेचाळीस अंश पश्चिमेला. माझ्या ड्रॉइंगमधला बाण पूर्वेला होता. तो बाण आला कुठून, हे शोधायला पाच मिनिटं लागली. आधीच्या एका कामात तो खरंच पूर्वेला होता. मी त्या ड्रॉइंगचा कोपरा जसाच्या तसा उचलून आणला होता. आमच्या धंद्यात सगळेच आणतात, वेळ वाचतो. मग त्या चुकीच्या बाणाकडे बघून मी ईशान्य ठरवली आणि तिथे लँडिंग लावलं. पायांची नावं त्या बाणाप्रमाणे पडली. पण समुद्रात जॅकेट टेकवणारे लोक बाण बघत नाहीत, आकडे बघतात. त्यांनी आकड्यांप्रमाणे टेकवलं असतं आणि माझं लँडिंग गेलं असतं वायव्येला. लाटा त्याच्या बाजूने घासत गेल्या असत्या, बोट एका जागी ठरली नसती, आणि सात-आठ माणसं रोज सकाळी त्या दोरीला लटकली असती. जॅकेटच्या मजबुतीला काही धोका नव्हता, कारण ते सगळ्या बाजूंच्या लाटांसाठी तपासलेलं असतं. धोका फक्त माणसांना होता.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा अकरा वाजायला बराच अवकाश होता.

आमचे साहेब मेरठचे, शांत माणूस, दिवसाला सहा चहा. मी त्यांच्या टेबलावरचा चौकोनी पिवळा चिकटकागद काढला, कोपऱ्यावर पेनने ठिपका दिला आणि डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवला. दुसऱ्यांदा फिरवताना त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“किसने पकड़ा?”

“पापा ने.”

“कौन से क्लायंट में हैं?”

“घर पे हैं सर. रिटायर्ड हैं.”

त्यांनी तो कागद स्वतः एकदा फिरवून बघितला आणि म्हणाले, “यार्ड को फोन लगाओ.”

यार्ड देशाच्या दुसऱ्या टोकाला. फोनवरचा इंजिनिअर खरा कामाचा माणूस होता, त्याच्यामागे सतत लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा. मी सांगितलं, लँडिंग दुसऱ्या बाजूला घ्यायचंय. तो हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाहीये.

“मॅडम, वो तो वेल्ड हो गया. मंगलवार को ही हुआ, पेंट भी लग गया. पिछले हफ्ते की शुरुआत में बोल देते तो पीस ज़मीन पे पड़ा था, इधर के बदले उधर लगा देते. अब काटना पड़ेगा. तीन हफ्ते में बार्ज आ रहा है.”

“नया ड्रॉइंग भेजती हूँ आज ही.”

“ड्रॉइंग तो रोज़ आते हैं मॅडम, ढेर लगा है. उसमें कारण साफ़ लिखो कि गलती है. तभी मैं किसी को काटने बोल सकता हूँ.”

प्रत्येक सुधारित ड्रॉइंगवर एक छोटा रकाना असतो, बदलाचं कारण लिहायला. साहेबांनी मला दार लावायला सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ‘जनरल रिव्हिजन’ लिही, बाकी मी फोनवर सांभाळतो. माझं पहिलं लीडचं काम आहे, अशी गोष्ट कागदावर आली की कायमची राहते. ते माझ्या भल्याचंच बोलत होते, आणि मला ते पटलंही. खोटं कशाला सांगू, दुपारच्या जेवणापर्यंत त्या रकान्यात ‘जनरल रिव्हिजन’ लिहिलेलं होतं.

मग मी डबा उघडला. बाबांनी आदल्या दिवसाच्या भाजीबरोबर दोन ब्रेडचे स्लाइस दिले होते, पोळ्या संपल्या होत्या म्हणून. मी एक हातात धरून बसले. यार्डातल्या त्या ढिगात ‘जनरल रिव्हिजन’ कोण वाचणार? बार्जची घाई, डोक्यावर तारीख, कोणीतरी म्हणणार, हे पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ म्हणजे समुद्र. मी परत जागेवर आले आणि रकान्यात लिहिलं, ‘प्लॅटफॉर्म नॉर्थ चुकीची दाखवल्याने बोट लँडिंग चुकीच्या बाजूला. लगेच हलवणे आवश्यक.’ इंग्रजीत लिहिलं अर्थात. खाली माझी सही. सही करताना राग आला होता, पण कोणाचा ते नीट कळत नव्हतं.

यार्डाने कापलं. पुन्हा जोडलं, तपासलं, रंगवलं. जॅकेट चार दिवस उशिरा निघालं. पुढचं लीडचं काम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी ज्युनिअर मुलाला मिळालं. तो चांगला आहे. माझ्याकडूनच शिकलाय. कोपरा कुठून उचलायचा नाही, हे मी त्याला सगळ्यात आधी सांगितलं.

बाबांना मी त्या सोमवारी घरी येऊन सांगितलं, “तुमचं बरोबर होतं.” शूज काढत काढतच. ते म्हणाले, “हं,” आणि चहा ठेवायला उठले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी, यार्डातल्या त्याच इंजिनिअरने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. तो आता समुद्रातल्या कामावर होता. खाली एकच ओळ, ‘मॅडम, आपका लँडिंग.’ मी बाल्कनीत गेले. बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. दोघांनी मिळून बघितला. आकाश भरून आलेलं, पाणी करडं, लाटा चांगल्याच उंच. जॅकेटचे पिवळे पाय मी पहिल्यांदा ओले झालेले पाहिले. बोट लँडिंगला लागली, लाटेबरोबर वर आली, आणि नारिंगी जॅकेट घातलेला (ते दुसरं जॅकेट, आंटीच्या साइजचं) पहिला माणूस दोरी धरून सुटला आणि जाळीवर उभा राहिला. मग दुसरा. बाबांनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि बोटावर मोजायला लागले. सातवा जरा जड होता, त्याला वरच्याने दंडाला धरून ओढलं.

“सात,” बाबा म्हणाले. “बोटीत अजून आहे का कोणी?”

“चालवणारा आहे. तो तिथेच राहतो.”

“मग झाले सगळे.” त्यांनी परत एकदा बघितला. त्या दिवशी त्यांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते मला सांगता येणार नाही. मोबाइल माझा होता आणि ऑफिसचे फोन येत होते, पण मी तो परत मागितला नाही.

इथेच हे संपलं असतं तर बरं झालं असतं. माझी बाजू बरी दिसली असती.

दिवाळीच्या आधी मी ड्रॉवर साफ करायला काढले. चमच्यांच्या ड्रॉवरमधला प्रिंट तेलकट होऊन खाली चिकटला होता. सुरीने सोडवला आणि घडी घालणार तेवढ्यात कोपऱ्यात, त्या चुकीच्या बाणाशेजारी, पेन्सिल दिसली. बारीक, सरळ, खात्यातलं अक्षर.

‘उत्तर तपासावी.’ खाली तारीख.

त्याखाली, ‘मुलीला विचारावे?’ तारीख तीन दिवसांनंतरची.

त्याखाली नुसतंच, ‘विचारावे?’ आणखी चार दिवसांनी.

सगळ्यात खाली, ‘विचारावे.’ इथे प्रश्नचिन्ह नव्हतं. तारीख त्या रविवारची, आरशाच्या दिवसाची.

पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत अकरा दिवस. मी बोटांवर मोजून पाहिलं. तो वेल्डिंगचा मंगळवार मधेच येत होता. पहिल्या दिवशी पीस यार्डात जमिनीवर पडला होता, एका फोनचं काम होतं. कापावं लागलं नसतं, बार्ज अडला नसता, रकान्यात काही लिहावं लागलं नसतं. एवढंच नाही, तर बाबांनी चौथ्यांदाही धीर केला नसता तर? मला लाज वाटली. ओट्याशी उभी राहून, हातात तेलकट कागद धरून, चांगलीच वाटली. चूक माझी होती हे मी सगळ्या ऑफिसला सही करून सांगितलं होतं, पण ही चूक त्या रकान्यात आलीच नव्हती.

बाबा टेबलाशी डाळिंब सोलत होते. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

“बाबा, तुम्हाला अकरा दिवस आधी कळलं होतं?”

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि स्वतःचंच अक्षर ओळखीचं वाटावं तसं वाचलं. “हो. पण आकडे दोन-तीनदा मांडून बघावे लागतात. नक्की नसताना कसं सांगणार?”

“ते नव्हे. विचारलं का नाही मला?”

ते डाळिंबाकडे बघायला लागले. “तू घाईत होतीस गं,” म्हणाले.

मी त्यांच्या पूर्वेची खुर्ची ओढली आणि बसले.